चौदा म्हणणारा मुलगा

«मी देवगड तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी, चौथी, पाचवी एकाच खोलीत, मुलं सगळी मिळून सतरा. मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या सरावासाठी फळ्यावर २, ४, ८, ? असं लिहिलं. बहुतेकांनी १६ सांगितलं. चौथीतला एक मुलगा १४ म्हणाला. मी ‘चूक’ म्हणून पुढे निघाले, तर तो म्हणाला, ‘बाई, आधी दोनान वाढला, मगे चारान. आता सान (सहाने) नको वाढाक?’ वर्ग हसला, मीही हसले. तेव्हापासून तो गणिताच्या तासाला हात वर करत नाही. दुसरी अडचण चित्रमालिकांची. पुढचं चित्र मुलं बरोबर काढतात, पण केंद्रप्रमुखांनी येऊन ‘विसाव्या चित्रात काड्या किती?’ असं विचारलं तेव्हा सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसली. पालकांना फक्त शिष्यवृत्ती हवी आहे. माझं कुठे चुकतंय?»
एक शिक्षिका, देवगड तालुका

बाई,

तो मुलगा बरोबर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्रभर तुमचा जीव त्यातच अडकलेला दिसतो. सोळा म्हणणारेही बरोबर आहेत. चुकलाय तो फळ्यावरचा प्रश्न.

२ चे ४ झाले, दोनाने वाढ. ४ चे ८ झाले, चाराने वाढ. तुम्हाला त्यात दुप्पट दिसली, म्हणून १६. त्याला वाढच वाढत चाललेली दिसली, म्हणून १४. आणखी कुणी म्हणालं असतं, की एकदा दोन मिळवायचे, एकदा दुप्पट करायची, मग पुन्हा दोन मिळवायचे, तर १० आले असते आणि तेही बसलं असतं. तीन पदांच्या मालिकेत एवढी मोकळी जागा असते की त्यातून अख्खी होडी निघून जाईल.

पण त्या १४ ची नुसती वकिली करून मला थांबायचं नाही. त्या मालिकेचं एक चित्र आहे, आणि त्या चित्रात १४ हेच उत्तर येतं. सोमवारी शाळेत जाताना एक बांगडी घेऊन जा.

कोऱ्या कागदाच्या मध्यावर एक ठिपका द्या. बांगडी अशी ठेवा की ठिपका आत राहील, पण बरोबर मधोमध नको, बांगडी जरा वर सरकलेली असू दे. पेन्सिलीने गोल फिरवा. कागदाचे भाग किती झाले? आतला एक, बाहेरचा एक, म्हणजे २. आता बांगडी ठिपक्यापासून तेवढीच खाली सरकवून दुसरा गोल काढा. भाग ४. तिसरा गोल बांगडी डावीकडे सरकवून. मोजा, ८. इथे हात थांबवा आणि विचारा, चौथा गोल उजवीकडे काढला तर किती होतील? वर्ग एका सुरात सोळा म्हणेल. मग काढू द्या आणि मोजू द्या. प्रत्येक भागात आकडा लिहायला सांगा, नाहीतर मोजणी दरवेळी वेगळी येते. काही जण तेरा म्हणतील, कारण बाहेरचा कागद धरायला विसरतील. तुम्ही सांगू नका, त्यांचं त्यांना सापडू दे. चौदा येतात. बांगडी कितीही इकडेतिकडे सरकवली तरी सोळा होत नाहीत.

का होत नाहीत हे पाचवीच्या मुलांना नक्की कळेल, चौथीच्याही दोघा-तिघांना. चौथा गोल आधीच्या तीन गोलांपैकी प्रत्येकाला दोन ठिकाणी छेदतो. म्हणजे त्याच्या अंगावर सहा बिंदू पडले आणि त्याचे सहा तुकडे झाले. प्रत्येक तुकडा एका जुन्या भागातून जातो आणि त्या भागाचे दोन करतो. म्हणून सहा भाग वाढले. दुसऱ्या गोलाने दोन वाढवले होते, तिसऱ्याने चार. ‘आधी दोनान, मगे चारान, मगे सान.’ तुमच्या पोराने कागद न घेता जे म्हटलं ते हेच. त्याला हे चित्र माहीत नव्हतं, कबूल. पण त्याने पकडलेला नियम गणितात खरोखर नांदतो.

आता त्याच्याबद्दल. वर्ग हसला वर्गासमोर, तेव्हा दुरुस्तीही वर्गासमोरच झाली पाहिजे. पण थोडक्यात करा. ‘त्या दिवशी मी ऐकून न घेता चूक म्हटलं, आणि हसले, ते बरोबर नव्हतं. आज याचं चौदा तपासू.’ एवढं बोलून बांगडी त्याच्या हातात द्या. पाठीवर थाप, शाबासकीचं भाषण, त्याच्यासाठी टाळ्या, यातलं काहीही करू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर केलेले लाड हसण्याइतकेच टोचतात. तो लगेच हात वर करेल असंही धरून चालू नका. दोन आठवडे जाऊ देत.

हे मी फार शहाणी म्हणून लिहीत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीचा अर्धा गुण कापला होता. मालिका होती १, ४, ९, १६, आणि नियम लिहायचा होता. तिने लिहिलं, ‘तीनाने, पाचाने, साताने वाढते.’ मी लाल शाईने शेजारी लिहिलं, ‘वर्गसंख्या म्हण.’ पुढे एका दिवाळीत आमच्याच अंगणात रांगोळीचे ठिपके देताना मला तिची वही आठवली. चार ओळी, चार ठिपके, चौरस. कोपऱ्यातला एक ठिपका सोडला, तर त्याच्याभोवतीचं काटकोनी कुंपण तीन ठिपक्यांचं. त्याच्याभोवतीचं पाचांचं. त्याच्याभोवतीचं सातांचं. १ + ३ + ५ + ७ = १६. तिचं वाक्य आणि माझं वाक्य एकाच चौरसाची दोन वर्णनं होती, आणि सांगायचं तर तिचं जास्त सांगणारं होतं. माझ्या वर्गसंख्येत फक्त नाव होतं, तिच्यात चौरस वाढतो कसा ते होतं.

रांगोळीचा आणखी एक खेळ याच जागी करून घ्या. आडवे ठिपके १, २, ३, ४, ३, २, १ असे द्या, प्रत्येक ओळीतले ठिपके वरच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेखाली. बेरीज किती? मुलं बोटं मोडत मोजतील. मग सांगा, मान तिरकी करून बघा. तोच चार-चारचा चौरस आहे, कोपऱ्यावर उभा केलेला. बेरीज १६. मग १ पासून १० पर्यंत चढून परत १ पर्यंत उतरलं तर? हे तोंडी येतं, शंभर. माझ्या अनुभवात या प्रश्नाला मुलींचे हात आधी वर येतात, कारण ठिपके त्यांनी आयुष्यात जास्त दिलेले असतात. मुलांनाही द्यायला लावा.

आता विसावं चित्र.

बाई, ‘पुढचं चित्र काढा’ हा प्रश्न मुलांना फक्त शेवटच्या चित्राकडे बघायला शिकवतो. शेवटच्यात काहीतरी चिकटवलं की झालं. तसं करत विसाव्यापर्यंत जायला वीस पायऱ्या लागतात, आणि केंद्रप्रमुखांसमोर तेवढा वेळ कुणाकडे असतो? मुलांना चित्राचा क्रमांक आणि चित्रातल्या काड्या यांचं नातं दिसायला हवं. ते दाखवायला आपल्याकडे फुकटचं साहित्य आहे. माडाच्या झावळीचे हीर. केरसुणी बांधायला काढलेले चार मुठी हीर एकसारखे मोडून घ्या.

चार हिरांची एक चौकट. तिच्या उजव्या बाजूला लागून दुसरी, मधला हीर दोघींचा. मग तिसरी. एक चौकट ४ हीर, दोन चौकटी ७, तीन चौकटी १०. इथपर्यंत सगळे येतात. आता ‘पुढे किती’ विचारू नका, ‘तू कसं मोजलंस’ विचारा. आणि प्रत्येकाला आपली मोजणी खडूच्या रंगांनी दाखवायला लावा. एक म्हणेल, पहिली चौकट चाराची, मग प्रत्येक नवी तीन-तीनाची. दुसरा म्हणेल, डावीकडचा एक उभा हीर आधी ठेवला, मग प्रत्येक चौकटीला तीन. तिसरी म्हणेल, वरचे वेगळे, खालचे वेगळे, उभे वेगळे, आणि उभे चौकटींपेक्षा एकाने जास्त. चौथा म्हणेल, प्रत्येक चौकटीचे चार धरले आणि मधले दोनदा मोजले गेले ते वजा केले. चौघांची उत्तरं सारखी, चौघांच्या वाटा वेगळ्या. या वाटा फळ्यावर ठेवा, पुसू नका. निदान जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

त्यानंतर असा आकडा विचारा की हीर पुरणार नाहीत. शंभर चौकटी. मांडायची सोय राहिली नाही की मुलं नियमाकडे वळतात, त्याशिवाय नाही. दुसऱ्या मुलाच्या वाटेने गेलं तर तीनशे आणि वर एक. विसाव्या चित्रात साठ आणि एक, एकसष्ट. केंद्रप्रमुखांना कळवायला हरकत नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यात सगळे पडतात, मोठी माणसंसुद्धा. पाच चौकटींना १६ हीर लागले, मग दहा चौकटींना किती? पटकन उत्तर येतं, ३२. चौकटी दुप्पट, हीर दुप्पट. पण पाच-पाचाच्या दोन रांगा जोडल्या तर जोडावरचा एक हीर सामाईक होतो, म्हणून ३१. हे तोंडी समजावू नका. दोन रांगा मांडून एकमेकींना भिडवा आणि मधे आलेला जादा हीर उचलून एखाद्या मुलाच्या हातात द्या. तो हीर घरी घेऊन जाईल तर जाऊ दे.

मग उलटा प्रश्न. माझ्याकडे १०० हीर आहेत, किती चौकटी होतील? ३३, आणि एकही हीर उरत नाही. ज्या मुलाला हे सुचलं त्याला नियम कळला असं समजा. सुचलं नाही त्याला अजून मांडू द्या. परसातल्या वईची, म्हणजे कुंपणाची, गोष्टही याच सुमाराला काढा. दहा गाळ्यांच्या वईला खुंट किती? अकरा. घरी जाऊन मोजून यायला सांगा, आईबापांशी बोलणं आपोआप होतं.

अक्षरं आणायची घाई मात्र करू नका. ‘चौकटींच्या तिप्पट आणि वर एक’ हे मराठी वाक्य हेच सूत्र आहे. दहावीत अंकगणिती श्रेढी येते, पहिलं पद, सामान्य फरक, n वं पद. तिथे मुलं अडखळतात ती बहुतेकदा अशाने, की त्या अक्षरांमागचं वाक्य त्यांनी कधी स्वतः उच्चारलेलं नसतं. तुमच्या चौथीने ते उच्चारावं, लिहावं, त्यावर भांडावं. पुरे आहे.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या मालिका, म्हणजे शंख, शिंपला, गोटा, शंख, शिंपला, गोटा, तिसरीसाठी ठेवा. पन्नासावी वस्तू कोणती? ५० ला ३ ने भागा, बाकी २, दुसरी वस्तू, शिंपला. बाकी शून्य आली तर शेवटची, इथे गोंधळ होतो, तेवढा सांभाळा. आणि गट निदान दोनदा पूर्ण दाखवल्याशिवाय प्रश्न विचारू नका. शंख, शिंपला, शंख एवढ्यावर पुढचं काय हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

आता मला तुमच्या वर्गाबद्दल खरं जे सुचवायचं आहे ते. तुमची शाळा किनाऱ्यावर आहे आणि तुमच्या पुस्तकाबाहेर रोज एक मालिका चालू आहे. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं वर्गात असणारच. त्यांना घरी विचारायला सांगा, भरती किती वाजता हे कसं काढतात. जुन्या माणसांकडे हिशोब आहे: तिथीची पाऊणपट. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातली दुसरी भरती त्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. बंदराबंदरागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाजाला हा हिशोब उत्तम चालतो. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी असे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, त्यातली पाऊणकी इथे किनाऱ्यावर अशी कामाला आली.

मुलांकडून तक्ता करून घ्या. पहिला स्तंभ तिथीचा, भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच, दुसरा पाऊणपटीचा. फरक दरवेळी ४५ मिनिटं. सरळ अंकगणिती मालिका. आणि मग पौर्णिमेच्या पुढची ओळ लिहायला सांगा. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, पुन्हा पाऊण. सव्वाअकरावरून एकदम पाऊण! चौदा दिवस पाऊण-पाऊण तासाने सरकणारी भरती एका दिवसात दीड तास कशी उडी मारेल? समुद्र असं करत नाही, हे त्या मुलांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यांनाच विचारा, खोट कुठे आहे.

खोट अशी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तेवढीच सरकते. तिथी दिवसापेक्षा किंचित लहान, म्हणून एका तिथीला सरासरी ४८ मिनिटं पडतात. १५ तिथींना ७२० मिनिटं, बरोबर १२ तास. जुन्या हिशोबात ४८ ऐवजी ४५ धरले, बहुधा पाऊणकी तोंडपाठ होती म्हणून, आणि ४८ मिनिटांची कुणाला नव्हती. दर तिथीला ३ मिनिटं मागे पडत पंधरा तिथींत ४५ मिनिटं साचतात, आणि प्रतिपदेला पाढा पहिल्यापासून सुरू केला की ती तूट एका झटक्यात भरून निघते. म्हणून ४५ च्या जागी ९० ची उडी. मला या हिशोबाचं फार कौतुक वाटतं. नियम थोडा चुकीचा आहे, पण दर पंधरवड्याला स्वतःच स्वतःला सुधारून घेतो.

पाचवीच्या मुलांनी पंधरा दिवस खऱ्या वेळा नोंदवाव्यात. स्वतः पाण्यावर जाऊ नये, घरच्यांना विचारून लिहून आणावं. नियमाचा स्तंभ आणि नोंदीचा स्तंभ शेजारी शेजारी ठेवले की फरक दिसतील. फळ्यावरच्या मालिकेत नियम परीक्षकाने आधी ठरवलेला असतो. इथे तो कुणीतरी बघून बघून बसवला आहे आणि जुळतो का हे रोज तपासता येतं. उधाणाची मोठी भरती आणि भांगाची लहान भरती यांच्या उंचीची मालिका करायचा मोह तुम्हाला होईल. या वर्षी तो आवरा, ती चढते आणि उतरते आणि चौथीला झेपत नाही.

तिन्ही वर्ग एका खोलीत म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला गुंतवून ठेवावं लागतं, ही तुमची खरी ओढाताण. त्यासाठी कापरेकरांची मालिका हाताशी ठेवा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९०५ साली डहाणूला जन्मले, म्हणजे आपल्याच किनाऱ्याचे, आणि देवळालीला शाळामास्तर होते. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करायचे, आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. त्यांचं जन्मवर्षच घेऊ. ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. त्यापुढे कितीही करा, ६१७४ च. कोणतीही चालणारी संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. वजाबाकी चुकली तर कधीकधी मालिका लांबत जाते आणि मूल स्वतःच मागे जाऊन शोधतं. पाचवीची पाच मुलं अर्धा तास शांत. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक करायचे, एवढं सांगून ठेवा.

पालकांचं. त्यांना शिष्यवृत्ती हवी आहे यात त्यांचं काही चुकत नाही. बुद्धिमत्ता चाचणीत मालिकांचे प्रश्न असतात आणि ते सुटायलाच हवेत. त्यासाठी मुलांना एकच शिस्त लावा: सुचलेला नियम दिलेल्या प्रत्येक पदावर लावून बघायचा, पहिल्या दोन-तीनांवर थांबायचं नाही. आधी फरक काढायचे. फरक सारखे नसतील तर फरकांचे फरक, तुमच्या पोराने केलं तसं. संख्या भराभर फुगत असतील तर गुणाकार किंवा वर्ग बघायचे. वर-खाली होत असतील, जसं ३, २०, ६, १८, ९, ?, तर एक आड एक वाचायचं, दोन मालिका एकमेकींत विणलेल्या असतात, इथे पुढचं पद १६. त्रिकोणी संख्येची व्याख्या, ‘लागोपाठच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची निमपट’, पाठ करून घेतात, ती पाठ असूच दे, पण एकदा सुपाऱ्या मांडून दाखवा. १, २, ३, ४ अशा ओळींचा एक त्रिकोण, तसाच दुसरा उलटा करून शेजारी, झाला चार-पाचाचा आयत. वीसाची निमपट दहा. तो ‘निमपट’ कुठून आला हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः प्रश्न काढाल तेव्हा पाच पदं द्या. २, ४, ८, १६, ३२ लिहिलं असतं तर मला हे पत्र आलं नसतं. त्याहून चांगलं म्हणजे प्रश्न मुलांनाच काढू द्या. शनिवारी एकाने मालिका लिहायची, बाकीच्यांनी पुढचं पद सांगायचं. दोन वेगवेगळी उत्तरं आली आणि दोघांनाही आपला नियम सांगता आला, तर मालिका काढणाऱ्याने आणखी एक पद जाहीर करायचं. पुन्हा दोन आली तर आणखी एक. यात ‘चूक’ हा शब्दच लागत नाही. कुणाला फसवायचं म्हणून मुलं भलत्या मालिका शोधून आणतील, आणि हळूहळू त्यांचं त्यांना उमजेल की किती पदं दिली की दुसऱ्याला पळायला वाट राहत नाही. पहिल्या शनिवारी मालिका काढायला तुमच्या चौदावाल्याला बोलवा, पण यादीत तिसरा-चौथा, पहिला नको.

बांगडी प्लास्टिकची न्या. काचेची माझी एकदा वर्गात फुटली होती, आणि भाग मोजायला आलेली सगळी पोरं आनंदाने तुकडे मोजत बसली.

पाचव्या गोलाला किती भाग होतील ते त्याला कागद न देता विचारून बघा. बावीस म्हणाला तर मला कळवा.